आधी पैसे, मग चावी

जुन्या गाड्यांचे व्यवहार आमच्या डिपार्टमेंटमध्ये जेवढे होतात, तेवढे किस्से साठतात. फक्त एक आहे, गाडी विकल्याचे पेढे लगेच येतात आणि फसल्याची गोष्ट तोंड दाखवण्याजोगं झाल्यावर येते. तीही शिक्रापूरच्या आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये, डब्यात मान घालून.

*

आमचा वेल्डर पोपट. त्याची गाडी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकानं त्याला मोबाइलवर हिरवी टिक दाखवली. "दादा, पैसं गेलं. तुमच्याकडं नेटवर्क न्हाई, म्हणून मेसेज यीना."

पोपटनं चावी दिली आणि मेसेजसाठी गच्चीवर जाऊन बसला. संध्याकाळी मेसेज आला! बँकेनं एसएमएसचा चार्ज कापला होता.

"गाडी तर गेलीच, आन् मेसेजचं पैसं बी मीच भरलं!" पोपट म्हणाला. आम्ही हसलो. तो हसला नाही.

*

स्टोअरच्या सुनीता मॅडमना एकानं फोनवरच गाडी पसंत असल्याचं सांगून कोड पाठवला. "स्कॅन करा, पिन टाका, ॲडव्हान्स तुमच्या खात्यात येईल."

मॅडमनी पिन टाकला. पैसे यायच्या ऐवजी गेले. त्यांनी फोन लावला, "अहो, पैसे उलटे गेले!"

तो म्हणाला, "सॉरी मॅडम, परत एकदा टाका."

"आन् मी परत टाकला की हो!" मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. घरी अजून सांगितलेलं नाही. नवऱ्याला वाटतंय, गाडीला गिऱ्हाईकच येत नाही.

*

कोरेगाव भीमाच्या भालेरावकडं गिऱ्हाईक सहकुटुंब आलं. पैशाचं बोलणं निघायच्या आतच त्यांच्या बाईंनी गाडीला कुंकू लावलं, नारळ फुटला आणि भालेरावच्या तोंडात पेढा गेला.

"आता तोंडात पेढा असताना पैसं कसं मागायचं?" भालेरावचा सवाल. गाडी त्याच दिवशी गेली, पैसे अजून 'उद्या'च येतायत. तो म्हणतो, "एक पेढा मला गाडीच्या किमतीला पडला!"

*

एवढं ऐकून मी शहाणा झालो होतो. गेल्या महिन्यात शिरूरच्या घरी वडिलांची गाडी विकायला काढली. मांडवगण फराट्याहून आबा, आजी आणि गाडी चालवणारा पुतण्या असे तिघं आले. आजींचं दौंडला डायलिसिस चालू होतं. दर खेपेला भाड्याची जीप परवडेना, म्हणून गाडी हवी होती.

पुतण्यानं आबांच्या खात्यातून सगळी रक्कम पाठवली. मी माझं खातं उघडून पाहिलं. पैसे पूर्ण जमा होते. तरी पोपट आठवला.

"आबा, उद्या बँकेत जाऊन पासबुकावर छापून आणतो. मग चावी."

"उद्या सकाळीच हिचं डायलिसिस हाय. म्हणून तर आज आलो."

"नियम म्हणजे नियम, आबा!" मी रुबाबात म्हणालो. आज ते वाक्य आठवलं तरी कान गरम होतात.

आजी भिंतीला धरून उठल्या. पुतण्यानं त्यांची पिशवी घेतली. दारात चपला घालताना आबा वळले. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होते.

"साहेब, पैसं बी तुमच्याकडं, गाडी बी तुमच्याकडं, चावी बी तुमच्याकडं. मग तुमाला भ्या कशाचं वाटतंय?"