दादासाठी सहा प्रती

आमच्या डोंबिवलीच्या घरात कॉम्प्युटरचं काहीही बिघडलं, की खापर माझ्यावर फुटतं. त्या आठवड्यात ते मी बाबांवर फोडलं. त्याची लाज मला अजून वाटते.

शहाडचे थोरले काका, म्हणजे बाबांचे दादा, अंथरुणाला खिळले होते. गावच्या घराच्या वाटणीवरून बिनसलं तेव्हापासून, म्हणजे बारा वर्षं, दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. काकूचा फोन आला, "भाऊजी, आता येऊन जा." काकांना ऐकू येणं कधीच बंद झालेलं, म्हणून बाबांनी पत्र लिहायचं ठरवलं. हात थरथरतो, तेव्हा कॉम्प्युटरवर, एका बोटाने, चांगल्या मोठ्या अक्षरांत. पत्राशिवाय जायला ते तयार नव्हते.

"बारा वर्षांनी जाऊन नुसतं तोंड काय दाखवू?"

आणि प्रिंटर छापेना. दिवा हिरवा, कागद भरलेला, आणि कॉम्प्युटर म्हणतो प्रिंटर सापडत नाही.

"खालच्या दुकानातून काढून आणतो," मी म्हणालो.

"नको. घरातलं घरात राहू दे."

मग मी रोज ऑफिसातून आल्यावर 'उद्या बघतो' म्हणायचो. असे तीन दिवस गेले.

रविवारी सकाळी बसलो, तेव्हा कळलं. बाबा झोपण्याआधी घरातली सगळी बटणं बंद करतात, वायफायचंसुद्धा. ते पुन्हा सुरू झालं, की प्रिंटरला नवा नंबर मिळायचा. कॉम्प्युटर मात्र जुन्याच नंबरवर पत्र पाठवत बसायचा, बिऱ्हाड बदललेल्या माणसाच्या जुन्या पत्त्यावर पाठवावं तसं.

"सतरा वेळा सांगितलं, त्या बटणाला हात लावू नका," मी खेकसलो.

नवा नंबर टाकायला पाच मिनिटं लागली. प्रिंटर सुरू झाला आणि थांबेचना. तेच पत्र, सहा वेळा. मी घरात नसताना बाबा एकटेच पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होते. मी गठ्ठा त्यांच्या हातात दिला. माफी मागायला हवी होती, ती मागितली नाही.

दुपारी शहाडला पोचलो. काकांचा श्वास चालू होता, तेवढंच.

"कालपर्यंत शुद्धीत होते," काकू म्हणाली. "सारखे दाराकडे बघायचे."

उशाशी शाळेतली पाटी होती आणि खडू. काकांना काही सांगायचं, तर घरचे त्या पाटीवर लिहून दाखवत. काकूने काल लिहिलेलं अजून पुसलेलं नव्हतं. 'येतील.'

बाबांनी पत्र खिशातून काढलंच नाही. खडू उचलला, त्या शब्दाखाली वेडंवाकडं 'आलो' लिहिलं आणि पाटी काकांच्या मिटलेल्या डोळ्यांसमोर धरली. हात भरून आला, तरी खाली ठेवेनात.

शेवटी ती मी धरली.