दारावर नाव कुणाचं?

डॉक्टर मंडळी जमली की औषधांपेक्षा पाट्यांच्याच गप्पा जास्त! पदवी कशी लिहावी, कसलं चिन्ह लावू नये, याचे नियम मुंबईहून यायचे, कारण निपाणी तेव्हा मुंबई राज्यात होती; आणि इथं पोचले की त्यांचे किस्से व्हायचे. आम्ही चार-पाच डॉक्टर रविवारी चहाला बसायचो, तिथं हे सगळे साठत गेले.

*

तांबडा क्रॉस लावायचा नाही, असं फर्मान आलं. आमच्यातल्या नानांनी इमानेइतबारे पाटीवरच्या क्रॉसवर डांबराचा काळा पट्टा ओढला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर गेले असं समजून खेड्यातली माणसं तोंडं पाडून दारात बसलेली! नाना स्वतःच पाणी घेऊन बाहेर आले.

एकजण म्हणाला, "जित्तं हाईसा व्हय? मग आलोयच तर माझा खोकला बघा."

*

चिकोडीच्या वसंतरावांना पाटीवर रंगवलेलं सुवर्णपदक पुसावं लागलं. मग हा गडी खरं पदकच कोटाला लावून बसायला लागला. पलटणीतून पेन्शनीत आलेल्या एका सुभेदारानं सलाम ठोकून विचारलं, "कुठल्या लढाईत मिळालं?"

पदक प्रसूतिशास्त्राचं होतं. वसंतराव म्हणाले, "बाळंतपणाच्या."

*

सुमतीबाई आमच्यातल्या एकट्या डॉक्टरीणबाई. त्यांची नोंदणी लग्नाआधीची, आणि नोंदीत असेल तेच नाव पाटीवर हवं असा नियम. म्हणजे सासरच्या दारावर 'डॉ. सुमती गोविंद कोष्टी'! सासरे आप्पा तंबाखूचे बडे व्यापारी. माझ्या दारावर व्याह्याचं नाव लागणार नाही, म्हणून ते हटून बसले. पाटी नाही तर दवाखाना नाही. बाईंनी नाव बदलायचा अर्ज केला, पण तोवर हातावर हात ठेवून बसायची त्यांची तयारी नव्हती. मला बाईंचंच पटत होतं, म्हणून मीच जाऊन म्हणालो,

"आप्पा, अडलेल्या बाया कागदाची वाट बघत थांबत्यात व्हय?"

आप्पांनी पाटी लावू दिली. स्वतः मात्र मागच्या दारानं ये-जा करायला लागले.

*

नव्या नावाचा कागद आला तो ऐन वैशाखात. आप्पांनी लगेच पेंटर बोलावला आणि त्या दिवशी ते पुढच्या दारानं बाहेर पडले. मी तिथंच होतो.

पाटीपाशी सुमतीबाईंचे वडील उभे होते, वडगावहून लेकीला भेटायला आलेले. जन्मभर मागावर साड्या विणलेल्या त्या माणसाला सहीपुरतंच लिहिता-वाचता यायचं. पाटीवरच्या 'गोविंद'वर बोट ठेवून ते एकेक अक्षर लावत होते.

आप्पा बराच वेळ बघत राहिले. ऊन असं की पायरीवर पाय ठेववत नव्हता.

मग पेंटरला म्हणाले, "आज रंग वाळायचा न्हाय रं. जा तू."