मालनबाईंनी सांगून टाकलं

बजाजनगरच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची वस्ती आहे. तिथल्या अंगणवाडीत मालनबाई सोळा वर्षांपासून मदतनीस आहेत. पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची. वर्षातून दोनदा जंताची गोळी द्यायचा दिवस येतो, तेव्हा रुसलेल्या पोरांना गोंजारून ती चावायला लावायची, हेही काम त्यांचंच.

आवडाबाईंची नात संस्कृती चार वर्षांची. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या. पण आवडाबाई गोळी देऊ देत नव्हत्या.

"मागच्या बारीला गोळी दिली अन् पोरीला जंत पडले. गोळीतच असत्यात ते!"

"पोरीची नखं बघा आधी," मालनबाई फणकारल्या. "घरात स्वच्छता नाय अन् गोळीला नावं ठेवता!"

त्याच महिन्यात मालनबाईंना चक्कर येऊ लागली. सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. पोटात जंत होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि विचारलं, "स्वयंपाक तुम्हीच करता का?"

तो प्रश्न त्यांना घरी येईपर्यंत टोचत राहिला. आपल्या हातून पोरांना काही गेलं असेल का? आवडाबाईंना बोललेलं आठवून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

अंगणवाडी सेविका शैलाताई म्हणाल्या, "औषध घेतलंय ना? मग कशाला सांगता?"

पण मातांच्या बैठकीत मालनबाई उभ्या राहिल्या. "मला बी जंत निघाले. खिचडी मीच करते, म्हणून सांगते."

एका बाईनं पोराचा हात धरला आणि ती सरळ निघून गेली. ते पोर पुन्हा अंगणवाडीत आलं नाही.

आवडाबाई मात्र बसून राहिल्या. "तुला बी?"

"व्हय. तवा तुम्हाला बोलले ते चुकलंच माझं."

आवडाबाईंनी संस्कृतीला पुढं केलं. "दे मग. पण परत झाले तर?"

"व्हतील की. वस्तीच्या संडासाला कुलूप हाय, पोरं नाल्याकडं बसत्यात. गोळी किती पुरणार?"

पुढच्या सोमवारी नऊ बायका संडास उघडा म्हणून अर्ज घेऊन पालिकेच्या कार्यालयात गेल्या. सगळ्यांत मोठा आवाज आवडाबाईंचा होता. तीन खेपा झाल्यावर कुलूप निघालं. पाणी अजून एक दिवसाआड येतं.

संस्कृती आता ताट संपवूनच उठते. मालनबाई रोज साबणानं कोपरापर्यंत हात धुतात, मगच तांदळाला हात लावतात. निघून गेलेल्या त्या पोराच्या दारावरून जाताना मात्र त्यांची पावलं अजून रेंगाळतात.