समुद्रासाठी कारण

निवृत्तीच्या समारंभातला हार ह्यांनी घरी येऊन खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि म्हणाले, "आजवर बदलीची ऑर्डर माझ्या नावाची निघाली आणि सामान तू बांधलंस. आता कुठं राहायचं ते तू ठरवायचं. शब्द देतो."

मी म्हटलं, "आधी चहा घ्या." निवृत्तीच्या दिवशी माणूस काय वाट्टेल ते बोलतो, ते कुठं मनावर घ्यायचं!

पण हे शब्दाचे पक्के. दुसऱ्या दिवशीही तेच, आठवड्यानंतरही तेच. मग मात्र मी घाबरले. झाशी, गोरखपूर, कानपूर, लखनौ, सगळी गावं मला अशीच मिळाली होती: संध्याकाळी हे बूट काढता काढता गावाचं नाव सांगायचे आणि मी माळ्यावरचे खोके खाली घ्यायची. तिथं पाणी किती वाजता येतं, शाळा किती लांब, गॅस वेळेवर मिळतो का, एवढंच विचारायचं. गाव आवडलं का, हा प्रश्न मला कुणी केला नाही, आणि खरं सांगते, मीही स्वतःला केला नाही. आवडून न आवडून जाणार कुठं?

लखनौमधल्या विकास नगरचं सरकारी क्वार्टर काही महिन्यांत सोडायचं होतं. मुलगी नागपुरात नोकरीला, तेव्हा महाराष्ट्रात परतायचं एवढं नक्की होतं. समोर दोन जागा होत्या. एक ह्यांचं गाव, भंडाऱ्याकडचं, शांत, चारी बाजूंनी धानाची शेतं. धाकट्या भाऊजींनी आपल्या घराला लागून आमच्यासाठी दोन खोल्या बांधून ठेवल्या होत्या. आणि दुसरी जागा कोकणातल्या एका बंदराच्या शहरात, ह्यांच्या जुन्या सहकाऱ्याचा फ्लॅट. तो मुलाकडे परदेशी गेला होता आणि बेताच्या भाड्यात घर द्यायला तयार होता. हा दुसरा पर्याय म्हणजे नुसता नावाला. सगळ्यांच्या मनात गावच ठरलेलं होतं. त्यात माझी जीभ! लखनौच्या उन्हाळ्यात गरम वाऱ्याची लू सुटली की, भांडण झालं की, कामवाली आली नाही की, मी एकच वाक्य फेकायची, "मी जाते बाप्पा गावाला निघून!" आता कोणत्या तोंडानं नाही म्हणणार?

मुलीचा फोन आला. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच. "मम्मी, गाँव में रहोगे तो मैं हर संडे आ जाऊँगी. समंदर के पास कौन आएगा?"

तरी दोन्ही जागा बघून यायचं ठरलं. हे म्हणाले, नियमाप्रमाणे व्हायला पाहिजे.

आधी गावाला गेलो. थंडीचे दिवस, धान घरात येऊन पडलेलं. जाऊबाईनं मला दारातच मिठी मारली. दोन खोल्या छान होत्या, खिडकीला हिरवा रंग, आणि माझ्यासाठी ओटा मुद्दाम जरा उंच केलेला, कारण भाऊजींना माझी कंबर ठाऊक. संध्याकाळी विहारात वंदनेला बसलो. रात्री अशी गाढ झोप लागली की सकाळी जाऊबाईनं हलवून उठवलं. आणि हे! लखनौत "जी, बताइए" करत फिरणारा माणूस तिथं पुलाच्या कठड्यावर बसून वर्गमित्रांशी "काहून बे" करत होता, चेहरा कसा उजळलेला. मला गाव आवडलं. खोटं कशाला बोलू?

मग कोकणात गेलो. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही लेकीला कडेवर घेऊन, गाडी चुकेल या धास्तीत. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. नव्या घरात पाय टाकला की मी आधी नळ सोडून बघते, मग ओटा, मग सिलिंडर कुठं बसेल ते. ती माझी सवयच. त्या दिवशी ते सगळं ह्यांनी केलं, कारण मी सरळ गॅलरीत गेले आणि तिथंच उभी राहिले.

समोर पाणी होतं. चित्रातल्यासारखं निळं वगैरे नाही, चांगलं मळकट. एक होडी चालली होती. लाट येत होती, जात होती. हे आतून ओरडले, "अगं, गिझर बघून घे ना!" मी म्हटलं, "हं." पाय दुखायला लागले तेव्हा कळलं की बराच वेळ झाला. नंतर खाली उतरून पाण्यात गेले तर साडी गुडघ्यापर्यंत भिजली आणि मी चारचौघांत मोठ्यानं हसले. बाजूला जाळं निवडत बसलेली एक बाई म्हणाली, "पहिल्यांदाच काय गो बाय?" मी मान डोलावली. साठीला टेकलेली बाई मी, पण लाज म्हणून वाटली नाही.

लखनौला परतलो आणि घोडं पेंड खायला लागलं. मला समुद्र हवा होता. आणि ह्यांना कारण लागतं. जन्मभर ह्यांनी कारणाशिवाय फाईलवर सही केली नाही, घरी भोपळा आणला तरी "आज भोपळा? कारण?" असं विचारणारा माणूस. मी अलीगंजच्या बाजारात जाता-येता कारणं जुळवत राहिले. एका संध्याकाळी मटार सोलायला बसले आणि विषय काढला.

"म्हटलं, समुद्राची हवा गुडघ्यांना बरी."

"दमट हवेत गुडघे जास्त दुखतात."

"मासळी ताजी मिळेल."

"आपल्या गावच्या तळ्यातले मासे मेले का?"

"दवाखाना जवळ आहे."

"भंडारा काय लांब आहे? आणि पोरगी दर रविवारी येईल म्हणाली, त्याचं काय?"

मी ताट बाजूला सरकवलं. "मला आवडलं हो तिथं! कारण नाही. एकही नाही. सगळी कारणं तुमच्या गावाकडून आहेत, मला माहीत आहे. पण मला तो समुद्र आवडला, रोज सकाळी उठून तोच बघावासा वाटतो. झालं!" आणि बाई बाई, मटारावर रडले मी.

हे माझं ताट ओढून शेंगा सोलायला लागले, त्यातल्या निम्म्या वाकड्यातिकड्या. मग म्हणाले, "त्यानं दोन खोल्या बांधल्या."

"माहीत आहे. ओटासुद्धा उंच केला."

"त्याला वाईट वाटेल."

"तुम्हालाही वाटेल."

"मला वाटलंच," हे म्हणाले. "फार वाटलं. पण शब्द मी दिलाय." आणखी एक शेंग उचलत म्हणाले, "धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी महिनाभर गावाला राहणार. आणि कारण विचारायचं नाही."

"नाही विचारत," मी म्हटलं.

तिथंच बसून ह्यांनी भाऊजींना फोन लावला. हे नेहमी स्पीकरवरच बोलतात. गावाला येणार नाही, कोकणात राहणार, असं एका दमात सांगून टाकलं. मग भाऊजी म्हणाले, "काहून दादा? खोल्यात काई कमी रायली काय?"

"नाही रे. खोल्या मस्त आहेत. तुझ्या वहिनीला समुद्र आवडला."

"हाव, पण कारण काय?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. हातात अर्धी सोललेली शेंग तशीच होती. "हेच कारण हाये," म्हणाले.

पलीकडे जाऊबाईचा काहीतरी आवाज आला. मग भाऊजी म्हणाले, "मंग ठीक हाये. वहिनीले सांग, आमी पाहाले येतो. आमी बी कुठं पाह्यला अजून समुद्र?"