कान्ह्याच्या इस्त्रीमावशी

समोरच्या माणसाचं नाव विचारायच्या आधी मावशी त्याच्या अंगावरच्या कपड्याची शिवण बघत. मी त्यांच्याकडे काम मागायला गेले, तेव्हा त्यांनी मला दारातच उभं केलं, माझ्या ब्लाउजची बाही चिमटीत धरून उलटी केली आणि विचारलं, "ही कुणी शिवली?" मीच शिवली होती. "शिवलीय बरी, पर दाबलेली न्हाई," एवढं म्हणून त्या आत वळल्या. मी तिथंच उभी. थोड्या वेळानं आतून हाक आली, "येतीस न्हवं?" अशी माझी नेमणूक झाली.

त्याआधी मी लोणावळ्यात चिक्की पॅक करायचे. ते काम सुटलं होतं. मावशींचं घर कान्ह्यात, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. घराला लागून एक पत्र्याची खोली होती आणि तिथं त्या धरून आम्ही पाच जणी गोधड्या शिवायचो. मावशींनी तरुणपणी चिंचवडच्या एका कपड्याच्या कंपनीत बरीच वर्षं इस्त्रीच्या टेबलावर काढली होती. त्या टेबलावर बाकी सगळे पुरुष, ही एकटी बाई. गावात शिवण येणाऱ्या बायका पुष्कळ होत्या; पण इस्त्रीवरून ओळखली जाणारी ही एकच.

त्यांचं एक वाक्य आम्हांला दिवसातून दहादा ऐकावं लागे. "इस्त्री फिरवायची न्हाई, ठिवायची." शर्टावर आपण इस्त्री पुढे-मागे ओढतो, तशी गोधडीच्या तुकड्यांवर ओढली की कापड ताणलं जातं. एका चौकोनात सुताएवढा फरक पडला, तर शंभर चौकोन जोडेपर्यंत गोधडी वाकडी होते. म्हणून इस्त्री उचलायची, शिवणीवर ठेवायची, मनात तीन म्हणायचं, पुन्हा उचलायची. आमच्यातली कुणी घाईनं ओढायला लागली की मावशी ओरडत नसत. नुसत्या येऊन तिच्या मनगटाला हात लावत.

मी आले त्या वर्षीच वलवणच्या धरणाजवळ एक नवं हॉटेल होत होतं. तिथल्या खोल्यांसाठी चोवीस गोधड्या हव्या होत्या. एवढं मोठं काम आम्ही कधी पाहिलंही नव्हतं. नेमकी त्याच आठवड्यात मावशींची जुनी इस्त्री कायमची गेली. मी माझ्या पहिल्या मिळकतीतून लोणावळ्याहून नवी घेऊन आले. जांभळ्या रंगाची, वाफेची, हातात धरली तर पिसासारखी हलकी. मावशींनी ती उलटसुलट करून पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता टेबलावर ठेवली. मला वाटलं, आवडली.

नमुन्याच्या दोन गोधड्या आम्ही त्याच इस्त्रीवर केल्या. ती मधेच आपोआप बंद पडे आणि आमच्या लक्षात येत नसे. हलकी म्हणून आम्ही तिच्यावर जोर द्यायचो आणि जोर दिला की ती पुढे सरकायची. बोअरचं पाणी भरल्यानं तिच्या भोकांतून कधी वाफ यायची, कधी तांबूस थेंब. हॉटेलच्या कपड्या-चादरींचं बघणाऱ्या मॅडमनी दोन्ही गोधड्या पलंगावर अंथरल्या. कोपऱ्याला कोपरा मिळत नव्हता, कडा लाटेसारख्या उठल्या होत्या, एका पांढऱ्या चौकोनावर डाग होता. त्या वाईट बोलल्या नाहीत. आठ दिवसांत चांगला नमुना आणा, नाहीतर मुंबईहून मशीनच्या रजया मागवाव्या लागतील, असं त्यांनी सांगितलं. आमच्यातल्या दोघी बाहेरची कामं सोडून या गोधड्यांच्या भरवशावर आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी मला घेऊन कामशेतला गेल्या. बाजारपेठेतल्या विजेच्या सामानाच्या दुकानात शिरल्या आणि काउंटरवर आपली पिशवी रिकामी केली. सुती लुगड्याचा धुतलेला तुकडा, जोडलेले दोन चौकोन आणि मूठभर कापूस. दुकानदारानं चमकणारी पहिली इस्त्री पुढे केली. मावशींनी ती थंडच उलटी केली आणि तिच्या तळावरून कापूस फिरवला. एका जागी तंतू अडकले. इस्त्री परत गेली. दुसरी टेबलावर उभी केली आणि टेबलाला हलका धक्का दिला. ती आडवी झाली. तिसरीचं टोक बोथट होतं, शिवणीच्या खाचेत शिरेना. चौथी डोळे मिटून हातात धरली आणि म्हणाल्या, "हिला वजनच न्हाई. सगळं काम माज्या खांद्याला करावं लागंल." ज्यांना वाफेची भोकं होती, त्या तर हातातही धरल्या नाहीत. ओलावा हवा तर त्या ओलं फडकं वापरत. पाणी आणि वीज एका डब्यात कोंडलेली त्यांना पटत नसे.

दुकानदार कंटाळला. मावशी, इस्त्री घेताय का जावई बघताय, असं त्यानं विचारलं. मावशींनी मान वर न करता पाचवीही परत केली आणि पुढची मागितली.

सहावी साधी होती. कोरडी, जड, काळ्या मुठीची. तिच्यावर कापूस अडकला नाही, धक्क्यानं ती हलली नाही, टोक शिवणीत बरोबर बसलं. मग मावशींनी ती लावायला सांगितली आणि स्टूल ओढून बसल्या. पाऊण तास त्या एकाच आचेवर लुगड्याचा तुकडा दाबत राहिल्या. प्रत्येक वेळी कापड गालाशी नेत आणि मान हलवत. पहिल्यांदा दाबलेलं आणि शेवटी दाबलेलं कापड सारखंच गरम लागतं का, हे त्यांना बघायचं होतं. दुकानात आलेली गिऱ्हाइकंही थांबून बघायला लागली. शेवटी त्या उठल्या आणि हीच द्या म्हणाल्या. दुकानदारानं खुशीनं त्याच इस्त्रीचा सीलबंद डबा काढला. मावशींनी तो बाजूला सारला.

"डब्यातली नको. तिला मी वळकत न्हाई. हीच द्या."

रिक्षात मी धीर करून म्हटलं, माझ्या इस्त्रीनं घात केला, मला माफ करा. मावशींनी मांडीवरची गरम पिशवी सावरली. "तुजी इस्त्री चांगली हाय. ती सदऱ्याची हाय, गोधडीची न्हाई. चूक माजी. मला पयल्या दिवशी कळलं हुतं. तुजा जीव दुखंल म्हणून बोलले न्हाई. कामात असं करू न्हाई, सविता." त्या दिवसापासून चांगल्याला चांगलं आणि वाईटाला वाईट मी तोंडावर सांगते. त्यापायी माझी काही माणसं दुखावली, पण काम कधी बिघडलं नाही.

उरलेल्या दिवसांत आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. कापड आधी धुतलं, आटू दिलं, दाबलं, मग कापलं. प्रत्येक शिवण आधी जशी आहे तशी दाबायची, मग उघडून एका अंगाला. आठव्या दिवशी वलवणला गेलो. मॅडमनी नव्या गोधडीची चौपदरी घडी घातली. चारही कोपरे एकमेकांवर बसले. पण त्यांचं समाधान झालं नाही. आमच्या मशीनमध्ये धुऊन बघते, म्हणाल्या. आम्ही चौघी बाहेरच्या कट्ट्यावर बसलो. मावशी मात्र मॅडमच्या मागोमाग धुलाईच्या खोलीत गेल्या.

तासाभरानं आम्हांला आत बोलावणं आलं. गोधडी पलंगावर पसरली होती आणि एकही चौकोन जागचा हलला नव्हता. मॅडम हसत होत्या. चोवीसच्या चाळीस झाल्या होत्या. शिवाय तिथल्या मुलांना इस्त्री शिकवायला मावशींनी एक दिवस यायचं ठरलं होतं, कारण तासभरात त्यांची तिथल्या दोघांची मनगटं धरून झाली होती. येताना वलवणच्या फाट्यावर मावशींनी सगळ्यांना गरम भजी खाऊ घातली आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना मोठ्यानं हसताना ऐकलं.

तीन वर्षांत आम्ही पाचाच्या चौदा जणी झालो. त्यांत पवना नदीच्या अंगाला डोंगरातल्या ठाकरवाडीची सुमन होती. तिच्या वाडीतल्या आणखी बायकांना शिकायचं होतं, पण रोज खाली उतरून येणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. मग आपणच वर जायचं, असं मावशींनी ठरवलं. खोली आणि टेबल माझ्या हवाली केलं. वाडीत वीज यायची-जायची, म्हणून त्यांनी बाजारातून कोळशाची इस्त्री निवडली. तीही सहज नाही. आत राख भरून, झाकण लावून, पांढऱ्या फडक्यावर हलवून बघितली. ज्या इस्त्रीतून राखेचा कणही पडला नाही, ती घेतली.

मागच्या हिवाळ्यात लोणावळ्याच्या दुसऱ्या एका हॉटेलचं काम आम्हांला मिळेल, अशी माझी खात्री होती. मिळालं नाही. ते कुणाला गेलं म्हणून चौकशी केली, तर ठाकरवाडीच्या बायकांना गेलं होतं. मी जीप करून वर गेले. शाळेच्या पडवीत मावशींसमोर अकरा जणी ओळीनं बसल्या होत्या आणि मी आलेली बघूनही कुणाचा हात थांबला नाही. मी एक गोधडी उचलून उजेडाकडे धरली. शिवणी आमच्यापेक्षा सरळ होत्या. तसं मी मावशींना सांगितलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "या आदी फिरवायला शिकल्याच न्हवत्या. पयल्यापासनं ठिवायलाच शिकल्या."

काम हातचं गेल्याचं मला खरंच काही वाटलं नाही. उलट त्यांच्याशी चढाओढ करावीशी वाटली आणि कितीतरी आनंद झाला. मी चहा घेतला, चार चौकोन त्यांच्याबरोबर दाबले आणि निघाले. मावशी रस्त्यापर्यंत सोडायला आल्या नाहीत. त्यांना वेळ नव्हता.