डोंग्याचा गाडा आणि धुण्याचा दगड

फाल्गुनातल्या संध्याकाळी धरणाच्या काठावर उभं राहिलं की दोन वास एकदमच येतात. एक, पाणी ओसरून उघड्या पडलेल्या आणि दिवसभर उन्हात भाजलेल्या काळ्या गाळाचा. दुसरा, पलीकडच्या काठावर सोंगून ठेवलेल्या हरभऱ्याचा, आंबट आणि किंचित खारट. आजवर या दोहोंत एक तिसरा वास मिसळलेला असायचा, आणि तो फक्त माझा होता. कमरेपर्यंत भिजलेली सुती साडी अंगावरच वाळू लागली की तिला पाण्याचा, शेवाळाचा आणि घामाचा मिळून एक ओलसर वास येतो. यंदा तो वास नाही. सूर्य मावळतो आहे, डोंगा वर आला आहे आणि माझी साडी कोरडी ठणठणीत आहे.

आमचं गाव मेडशीच्या पुढे, धरणाच्या या काठाला, आणि आमचं निम्मं शेत त्या काठाला. मी या घरात सून म्हणून आले त्याच्या कितीतरी आधी पाणी मध्ये येऊन बसलं होतं. रस्त्याने वळसा घालून जायचं तर अर्धी सकाळ वाटेतच जाते, म्हणून आमच्याकडे पत्र्याचा डोंगा, म्हणजे छोटी होडी, आहे. तो काठावर बांधून ठेवण्याची सोय नाही, कारण कोणी ना कोणी हौशी माणूस तो सोडून मासे धरायला जातो आणि भलत्याच काठाला टाकून घरी निघून जातो. त्यामुळे रोज सकाळी ट्रॅक्टरमागच्या दोन चाकांच्या गाड्यावर डोंगा घालायचा, पाण्यात बुडालेल्या जुन्या गाडवाटेने गाडा मागे मागे उतरवायचा, डोंगा पाण्यात सोडायचा, आणि संध्याकाळी त्याच वाटेने त्याला परत घरी आणायचं, असा आमचा नेम आहे.

सोडणं त्या मानाने सोपं. वर घेणं म्हणजे मात्र रोजचा तमाशा. वारा सुटला की डोंगा आडवा फिरायचा, गाड्याच्या फळीला तोंड लावेपर्यंत पुन्हा भरकटायचा, आणि वरून दोरी ओढणारे हे आणि भाऊजी एकमेकांवर खेकसायचे. लग्नाच्या वर्षी एकदा दोघांचा आवाज फारच चढला, तेव्हा मी पदर खोचला आणि सरळ पाण्यात उतरले. कोणी सांगितलं नव्हतं. दोन्ही हातांनी डोंग्याची कड धरली, वाऱ्याकडे पाठ केली, आणि त्याचं तोंड गाड्याकडे रोखून उभी राहिले. डोंगा निमूट वर गेला. काठावर बसलेले मामाजी, म्हणजे माझे सासरे, मोठ्याने म्हणाले, "मोठी असल्याबिगर डोंगा वर येत नाही बरं का!" मोठी म्हणजे मी, थोरली सून. त्यानंतर ते हे वाक्य रोज म्हणत आले. मी ऐकू न आल्यासारखं करायची आणि रोज कान देऊन ऐकायची.

पाणी आटत जातं तशी पाण्यात उभं राहायची माझी जागाही सरकत जाते. कार्तिकात पायाखाली गाडवाटेच्या कडेचा मुरूम असतो, पौषात एका पडक्या बांधाचे धोंडे, आणि फाल्गुनात जुन्या नदीकाठचा धुण्याचा दगड. धरणाआधीच्या बायकांनी आपटून आपटून तो मधोमध गुळगुळीत केला आहे. भोवती गुडघ्यापर्यंत रुतवणारा गाळ, आणि मध्ये हा एकच दगड, एका बाईच्या दोन पायांपुरता. त्यावर उभं राहिलं की कमरेपर्यंत पाणी येतं. वरचं पाणी दिवसभराचं ऊन पिऊन कोमट झालेलं असतं, घोट्याजवळचं मात्र गार असतं. वरचे पुरुष दोरी सोडवत, गाठी मारत, खिळा शोधत बसायचे, आणि तेवढा वेळ मला कोणी हाक मारायचं नाही. चहा टाक म्हणायचं नाही, किल्ली कुठे आहे विचारायचं नाही. घरातल्या बाईला एवढा निवांतपणा दुसरा कुठला मिळतो मला ठाऊक नाही.

मागच्या वर्षी भाऊजींचं लग्न झालं आणि प्रणिता घरात आली. तिच्या वडिलांचं रिसोडला खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं बनवायचं दुकान आहे. वेल्डिंगच्या ठिणग्यांसमोर ती लहानाची मोठी झाली. नव्या नवरीने काठावर बसून सूर्यास्त पाहावा की नाही? ही हनुवटीला हात लावून गाड्याच्या खाली वाकून बघत होती. मी निथळत वर आले तेव्हा म्हणाली, "ताई, तुमी काहून भिजता? खोट गाड्यातच हाय." मला ते मुळीच आवडलं नाही. कित्येक वर्षं माझ्या हातांनी जे निभावलं, त्याला ही पोरगी खोट म्हणत होती.

संक्रांत झाली आणि गाडा रिसोडला गेला. परत आला तो ओळखू येईना. सपाट फळ्या गेल्या होत्या. त्यांच्या जागी मागे उतरत्या दोन लांब पट्ट्या होत्या, आणि त्यांवर बोअरच्या प्लास्टिक पाइपाचे तुकडे लोखंडी सळईत ओवून केलेले रूळ, बोटाने ढकलले तरी गरगर फिरणारे. पुढे दांड्याने फिरवायचा छोटा रहाट, त्यावर तारेचा दोर. मागे दोन बाजूंना दोन उभे नळ लाल रंगवलेले, म्हणजे गाडा पाण्याखाली गेला तरी नळांची डोकी वर दिसत राहावीत आणि डोंगा बरोबर त्यांच्यामधून शिरावा. एक खिळा उपसला की सगळा सांगाडा पाण्याकडे कलायचा. मी सगळं नीट पाहिलं, आणि मनात म्हटलं, मेलं कुठेतरी अडकू दे.

अडकलं नाही. पहिल्याच संध्याकाळी वारा चांगला जोरात होता, मला हवा होता तसा. डोंगा जरा तिरपा आला, लाल नळाला टेकला, आपोआप सरळ झाला आणि रुळांवर चढला. इतक्या वर्षांत काठावरून न हललेले मामाजी उठले, रहाटाचा दांडा एका हाताने फिरवू लागले, आणि डोंगा लहान वासरासारखा त्यांच्याकडे येत गेला. म्हातारा हरखून गेला होता. "काय डोकं लावलं पोरीनं!" ते म्हणाले, आणि मग तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "बरं झालं, तुह्या गुडघ्याले आराम पडन." प्रणिता हसून म्हणाली, "आता तुमाले पान्यात उतराच लागत नाही, ताई."

मला तिचा हेवा वाटला. दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. जेवताना, झोपताना, भाकरी थापताना तो वाटतच राहिला. तिच्या भाकरीचा काठ जाड राहतो असं मी म्हणू लागले. रुळांना ती ग्रीस लावायची, तेव्हा साडीला डाग पडतील म्हणून मी बजावू लागले. ती प्रत्येक वेळी "हो, ताई" म्हणायची. भांडली असती तर मला हलकं वाटलं असतं, पण तीही सोय तिने ठेवली नाही. रोज संध्याकाळी मी कोरड्या साडीत काठावर, मामाजींच्या रिकाम्या झालेल्या जागेवर बसायची. ते रहाट फिरवायचे, आणि मोठीबद्दल कोणी काही म्हणायचं नाही.

परवा डोंगा वर आला, ट्रॅक्टर सुरू झाला, आणि पुरुषमंडळी त्यावर बसून गावाकडे गेली. हरभऱ्याची दोन गाठोडी आम्हा दोघींच्या डोक्यावर यायची होती. प्रणिता गाठोड्याची गाठ आवळत होती. ट्रॅक्टरचा आवाज विरला आणि पाणी एकदम मोठं वाटू लागलं. मी चप्पल काढली, पदर खोचला, गाडवाटेने उतरले आणि कडेला पाय टाकून धुण्याचा दगड शोधला. तो होता तिथेच होता. त्यावर उभी राहिले. हात सवयीने पुढे झाले, आणि धरायला काही नव्हतं.

"ताई, काई पडलं का पान्यात?" काठावरून प्रणिताने विचारलं.

काहीतरी सांगायला हवं होतं. मी "हो" म्हणाले.

काय पडलं ते तिने विचारलंच नाही. चप्पल भिरकावली, साडी वर घेतली आणि सरळ माझ्या दिशेने निघाली, गाडवाट सोडून, गाळातून. तिसऱ्या-चौथ्या पावलाला तिचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला, ती "अगं माय!" म्हणून झुकली. खोटं कशाला बोलू, रुतू दे थोडी, असं माझ्या मनात आलं. पण डोंग्याची कड धरायला शिकलेला हात माझ्या मनाला न विचारताच पुढे गेला होता. "तिकून नको येऊ, गाळ हाय लय. इकडं दगड हाय, यावर पाय ठेव," मी म्हणाले.

दगड एकीपुरताच. मी एक पाय उचलला, त्या जागी तिने आपला ठेवला. एकमेकींची कोपरं धरून आम्ही दोघी एकेका पायावर उभ्या राहिलो. हरभऱ्याचा वास वाऱ्याबरोबर आला. पाण्यावरचा तांबूस उजेड हळूहळू राखाडी झाला. ती काय शोधायला आली होती ते विसरली असावी, कारण खाली बघायचं सोडून ती समोर बघत होती. हळूच म्हणाली, "ताई, इथं तं लय बरं वाटून राह्यलं."

मला पुन्हा तोच हेवा वाटला. आता हेही हिला सापडलं. कमरेभोवती कोमट पाणी होतं, घोट्याला गार लागत होतं, आणि तिचं कोपर माझ्या मुठीत होतं. ते मी सोडलं नाही, कारण सोडलं असतं तर दोघीही पडलो असतो.