गाडीला दम खाऊ देणारा ड्रायव्हर

सूनबाईची विजेची गाडी दारात आली त्या दिवशी आमचे हे तिच्याभोवती फिरले, वाकून खाली बघितलं आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "हिचा आवाजच येत नाही." मी म्हटलं, "असू दे. घरात एकजण तरी गप्प बसणारं हवं होतं." सूनबाई हसली. हे हसले नाहीत. यांना माझे विनोद लग्नापासूनच कळत नाहीत.

यांचा सगळा जन्म मालट्रकवर गेला. डोंगरापलीकडे माल पोचवायचा आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचं. घरी आले की बोलणं ट्रकचं, झोपेत बरळणं ट्रकचं, जेवताना कान रस्त्याकडे. कुणाची गाडी गेली की घास हातात धरून सांगायचे, "याचा क्लच गेलाय." मला काय आजार आहे हे मात्र मी स्वतः सांगेपर्यंत यांना कधी कळलं नाही. मग डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं दिसायचं, पण कडेचं दिसेनासं झालं. लायसन्स पुन्हा मिळालं नाही. त्या दिवशी आले ते चपला न काढताच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "संपलं." मला फार वाईट वाटलं. मी चहा करून दिला.

पण माणूस घरात बसला की घरातल्यांचे काय हाल होतात ते बायकांनाच विचारावं. कुकरची शिट्टी नीट येत नाही म्हणायचे. पंख्याचं बेअरिंग वाजतं म्हणायचे. मी जिन्यावरून उतरले तरी, "गुडघ्यात ग्रीस संपलंय तुझ्या." माझ्या नाकी नऊ आले होते.

अशात ती गाडी आली आणि मला वाटलं, सुटले. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी. घरात आम्ही दोघं आणि सूनबाई. ती नर्स आहे, पण दवाखान्यातली नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांच्या घरी जाते, जखमा धुते, पट्ट्या बदलते, नळ्या बदलते. दिवसभर लोकांचे जिने चढून संध्याकाळी येते तेव्हा तिच्याकडे बघवत नाही. गाडीशिवाय तिचं काम एक दिवस चालणार नाही. वायरमनने स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर भिंतीवर चार्जिंगचा डबा बसवून दिला. त्यातून जाड वायर निघते आणि वायरीच्या टोकाला पेट्रोल पंपावर असते तशी गन. ती गाडीला लावायची, खट् आवाज झाला की हिरवा दिवा लुकलुकतो. बस्स, एवढंच. गीझर आणि गाडी मात्र एकदम लावायची नाही, खटका पडतो.

पहिल्याच आठवड्यात हे सूनबाईला म्हणाले, "तू दमून येतेस. किल्ली टेबलावर ठेव आणि आत जा. गाडीचं मी बघतो."

ती म्हणाली, "बाबा, खरंच बघाल?"

"माझी ड्युटी."

त्या दिवसापासून घरात शांतता झाली. संध्याकाळ झाली की हे फडकं घेऊन दारात. ती आली की काच पुसायची, चाकं बघायची, गन लावायची, वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून कडेने गुंडाळून ठेवायची. माझ्या आंघोळीच्या पाण्यावर मात्र गदा आली, कारण गाडी लागली की गीझर बंद. मी कुरकुर केली, पण मनातून बरं वाटत होतं. माणूस पुन्हा माणसांत आला होता. आणि सूनबाईला सवय लागली. सकाळी बसायची आणि निघायची, किती भरलीये ते बघायचीसुद्धा नाही. बाबांनी लावलीये म्हणजे भरलेलीच.

यांनी त्यात स्वतःची एक भानगड घालून ठेवली होती, हे आम्हाला दोघींनाही ठाऊक नव्हतं. ट्रक मोठा चढ चढून वर आला की हे बाजूला घ्यायचे, बॉनेट उघडायचे आणि इंजिनाला दम खाऊ द्यायचे. मगच पुढे. ही गाडी चार्ज होताना गन हाताला कोमट लागते. वायरमनने सांगितलं होतं, एवढं चालतं, काळजी नको. पण यांना कुणाचं पटलंय कधी? जेवायच्या आधी हे गन काढायचे, गाडीला दम खाऊ द्यायचे, आणि जेवण झालं, हात धुतले की पुन्हा लावायचे. रोजच्या रोज, कुणालाही न सांगता.

एके दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आलो. तिथे रांगेत बसून बसून, थेंब घालून घेऊन हे अगदी गळून गेले होते. तरी गन लावली, जेवायच्या आधी काढली, जेवले, आणि दारातल्या खुर्चीत टेकले. टेकले ते तिथेच डोळा लागला. जाग आली तेव्हा झोपेच्या तंद्रीतच उठून आत येऊन आडवे झाले. गाडीला गन लावायची राहिली.

सकाळी सूनबाई नेहमीसारखी गेली. नेमका त्या दिवशी तिला टेकडीवरचा एक नवा पेशंट दिलेला होता. म्हातारे गृहस्थ, पाठीला जखमा, कूस बदलायलाही माणूस लागतो असे. निम्म्या चढावर गाडी मंदावली, मग जेमतेम सरकू लागली. एका अनोळखी घरात विनवण्या करून साध्या प्लगवर गाडी लावून ती बसून राहिली. पोचली तेव्हा ते गृहस्थ भिजलेल्या पट्टीत तळमळत होते. त्यांच्या मुलीने सूनबाईला नाही नाही ते सुनावलं, आणि ऑफिसातही तक्रार केली.

संध्याकाळी ती घरी आली, किल्ली टेबलावर न ठेवता मुठीतच धरली. सगळं सांगितलं. यांनी दम खाऊ द्यायची हकीकत सांगितली. मला वाटलं, ही आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, यापुढे तुम्ही गाडीला हात लावू नका."

हे म्हणाले, "बरं."

आता आठ दिवस रुसवा, असं मी मनाशी धरून चालले. हा माणूस मीठ कमी पडलं तरी ताट सरकवतो. पण यांनी ना वाद घातला, ना ताट सरकवलं. जे वाढलं ते जेवले. कुकरच्या शिट्टीबद्दलही बोलेनात. संध्याकाळी सूनबाई आली की पेपर तोंडापुढे धरायचे. ती कामाच्या कपड्यांतच गन लावायची, वायर तशीच पायात पडलेली. हे खिडकीतून बघायचे आणि मान फिरवायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. म्हटलं, किती ताणायचं माणसाने! ती लेकीसारखी आहे, रागाच्या भरात बोलून गेली, आणि हे मूग गिळून बसलेत.

एका संध्याकाळी ती डबल ड्युटी करून आली. "आई, पाच मिनिटं पडते," म्हणाली आणि पायांतले बूटही न काढता सोफ्यावर झोपून गेली. गाडी दारात तशीच. मी यांना म्हटलं, "लावा की जरा."

"नको."

"मग तिला उठवा."

"झोपू दे तिला. केवढी दमलीये."

"मग सकाळी तिने काय ढकलत न्यायची का?"

हे उठले. चपला घातल्या. मला वाटलं, गेला राग एकदाचा. तर दारात जाऊन मला हाक मारली, "तू ये. तू लाव."

मी जन्मात कधी त्या गनला हात लावला नव्हता. केवढी जड असते ती! एका हातात वायर, दुसऱ्या हातात गन, पदर मध्ये मध्ये. हे दोन्ही हात पाठीमागे बांधून शेजारी उभे. "सरळ धर. तिरकी नको. दाब. अजून दाब." शेवटी खट् झालं, दिवा लुकलुकला. मला घाम फुटला होता आणि माझं डोकं फिरलं होतं. तिथेच अंगणात मी यांना झाडलं. "एवढा कसला मेला अहंकार! पोरीने एक शब्द काय उच्चारला, तर हात बांधून उभे राहता? तिची माफी हवीये का तुम्हाला?"

"तिचा काय संबंध? ती बरोबरच बोलली."

"मग?"

हे गाडीकडे बघत राहिले. म्हणाले, "मला झोप लागली."

"म्हणजे?"

"ट्रकवर कधी डोळा मिटला नाही माझा. माझ्या डोळ्यांदेखत कितीजण गेले, निव्वळ एका डुलकीने. मी कधी नाही. पाणी मारायचो, स्वतःला चिमटे काढायचो, बाजूला घ्यायचो. आणि त्या दिवशी खुर्चीत... कधी लागली तेच कळलं नाही मला. ते गृहस्थ तिकडे तळमळत होते, आणि मला वाटत होतं गाडी लावलेली आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तिने उद्या हात लावा म्हटलं ना, तरी आता माझा मलाच भरवसा नाही."

इतके दिवस मी यांना हेकट, मानी, काय काय म्हणत होते, आणि हा माणूस घाबरलेला होता. मागे दारात सूनबाई उभी होती, केस विस्कटलेले, डोळे अजून झोपेत. किती ऐकलं होतं कोण जाणे. ती यांच्या मागे दारातल्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाबा, मलाही झोप लागली. आत्ताच."

"तुझं वेगळं," हे म्हणाले. "तू उठशील."

आता रोज संध्याकाळी गन मी लावते. हे शेजारी उभे राहतात आणि गाडी लागली का ते मला तीन तीनदा विचारतात. मी तीनही वेळा हो म्हणते, चिडत नाही.